द्रौपदीबायची डावी बाजू

पालेगावात आता टॉवर इतके झालेत की सकाळचं ऊन द्रौपदीबायच्या ओट्यावर पोचायला उशीर होतो, पण तिची मिश्री मात्र टायमावर भाजली जायची. दगडाच्या चुलीवर जुना तवा, तव्यावर तंबाखूची पानं, आणि ती काळी पडून चुरचुरायला लागली की जो धूर उठायचा तो सरळ वरच्या बाल्कन्यांमध्ये. मग टॉवरचा वॉचमन खाली यायचा, मावशी परत कंप्लेंट आलीय म्हणायचा, आणि द्रौपदीबाय त्याच्याच तळहातावर चिमूटभर गरम मिश्री ठेवायची. तो बिचारा दाताला लावत लावत परत जायचा. आळीतल्या सगळ्या बायकांच्या डब्या तिच्याच तव्यावरून भरायच्या. अंगात परकर होता तेव्हापासून तिचं बोट मिश्रीत. भातलावणीला पहाटे निघायचं तर पोटात काही नसायचं, मिश्री लावली की भूक मरायची आणि दातही साफ व्हायचे, असं तिला तिच्या आयसने शिकवलेलं आणि तिने ते कधी तपासून बघितलं नव्हतं. कशाला बघेल? तिच्या हिरड्यांतून आयुष्यात कधी रक्त आलं नव्हतं. मिश्री न लावणाऱ्यांना पेरू खाताना रक्त यायचं, हिला नाही.

आणि हे तोंड काही साधं तोंड नव्हतं. द्रौपदीबाय धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर येतो, आधी धवलारीण लागते. मांडव पडला की ती खाली बसते, समोर सुपात तांदूळ, दिवा, आणि मग ती एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते, गावदेवीला, एकवीरेला, तिसाईला, उंबराच्या झाडाला, घरातल्या गेलेल्या माणसांनासुद्धा. देव आले की मगच हळद. तिच्या घराण्यात एक नियम होता, तिच्या मावशीने, अंजनीने घालून दिलेला. देवाचं नाव अर्धं घ्यायचं नाही. जीभ घसरली तर ओळ पहिल्यापासून. आणि तोंडच साथ देत नसेल तर गाणं खाली ठेवायचं. अंजनीचे पुढचे दात गेले त्या दिवसापासून ती कुणाच्या मांडवात बसली नाही, लोक पाया पडले तरी नाही. मरेपर्यंत ओट्यावर बसून दुसऱ्यांचे धवले, म्हणजे मांडवातली ही गाणी, ऐकायची आणि ओठ हलवायची, आवाज न काढता.

धवला एकटीचा नसतो. एकजण ओळ टाकते, दुसरी उचलते. द्रौपदीबायची दुसरी म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण बाळी. दोघींनी मिळून अंबरनाथपासून वांगणीपर्यंत किती मांडव सांभाळले याचा हिशोब कुणाकडे नाही. बाळीला एक सवय होती, ओळ उचलायच्या आधी ती एक बारीक श्वास घ्यायची, ऐकू येईल असा. लोक म्हणायचे बाळी उशीर करते, द्रौपदीबाय म्हणायची तो उशीर नाय, तो देवाला आत यायला वाट देतंय. द्रौपदीबायच्या मुलाच्या, हितेशच्या लग्नात बाळी ताप अंगात घेऊन बसली होती, कारण दोघींचं ठरलेलं होतं, तुझ्या पोराला मी, माझ्या पोरीला तू. मग बाळीला कावीळ झाली आणि ती गेली, तेव्हापासून दोघींच्या ओळी द्रौपदीबाय एकटीच घ्यायची. मागे राहिली चिमी, बाळीची एकुलती एक पोर, अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी. तिचं लग्न ठरलं वैशाखात. म्हणजे द्रौपदीबायच्या डोक्यावर आता एकच काम होतं, आणि ते काम तोंडाचं होतं.

दिवाळी झाल्यावर बदलापूरला कात्रपमध्ये हेमंत नावाच्या नात्यातल्या पोराची हळद होती. फ्लॅटवाल्यांची हळद, मांडव सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका बाजूला स्कूटी लावलेल्या आणि दुसऱ्या बाजूला डीजेची पोरं वायरी जोडत होती. द्रौपदीबाय सुपासमोर बसली, गावदेवी झाली, एकवीरा झाली, आणि तिसाईच्या नावाला तिच्या तोंडातून शिट्टी निघाली. स च्या जागी नुसती हवा. जिभेच्या टोकाला वरचा डावीकडचा पुढचा दात लागला आणि तो हलला. दार हलतं तसा. तिने ओळ पहिल्यापासून घेतली. परत शिट्टी. तिसऱ्यांदा घेतली तेव्हा नेमकं डीजेवाल्याने माइकमध्ये हॅलो चेक हॅलो चेक केलं आणि तिसाई त्यातच वाहून गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही. कोपऱ्यात बसलेल्या एका म्हातारीने फक्त तिच्याकडे बघितलं आणि मग मान खाली घातली, आणि ते मान खाली घालणं द्रौपदीबायला शिट्टीपेक्षा जास्त लागलं.

घरी येताना ती हितेशच्या टँकरच्या केबिनमध्ये बसली. हितेशचा पाण्याच्या टँकरचा धंदा, टॉवरना पाणी पुरवायचं आणि त्यांच्या टाक्या साफ करून द्यायच्या. तो आपला बोलत होता, आये हळदीत मटण मस्त होतं ना, आणि ती पदर तोंडावर धरून जिभेने दात चाचपत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात गेली. सून सुषमा भाकऱ्या थापत होती. सुषमा साताऱ्याकडची, लग्न होऊन आली तेव्हा तिला आगरी बोली कळायची नाही, धवले तर लांबच. सुरुवातीला ती लाजायचीसुद्धा, माहेरी सांगायची नाही की माझी सासू मांडवात गाते. पण घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, म्हणून द्रौपदीबायने तिलाच कान बनवलं. "बघ गो सुषमा, तिसाई नीट आयकू येतंय का?" आणि ती ओळ म्हणायची. सुषमा भाकरी परतत म्हणायची, येतंय आत्याबाई. कधी म्हणायची, स जरा निसटला. त्या दिवसापासून हे रोजचं झालं. शेगडीवर तवा, तव्यावर भाकरी, आणि रोज सगळे देव त्या स्वयंपाकघरात एकेक करून येऊन जायचे.

स निसटायचं थांबेना तेव्हा सुषमानेच हितेशला सांगितलं. हितेशने आईला उचललं आणि कात्रपला डॉक्टर संजीवनीकडे नेलं. डॉक्टर तरुण होती, बोलायला मऊ. तिने बारीक खुणा असलेली एक सळई घेतली आणि प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीत सरकवून बघायला लागली, किती आत जाते ते मोजत, आणि बाजूला भारती म्हणून असिस्टंट होती तिला आकडे सांगत गेली. द्रौपदीबायला आकडे कळत नव्हते पण डॉक्टरचा आवाज कळत होता. पुढच्या डाव्या दाताशी तो आवाज खाली गेला.

मग एक्स-रे काढून डॉक्टरने समजावलं. हिरडी आणि दात यांच्यामध्ये खिसा झालाय, त्या खिशात मुळापर्यंत कीटण बसलंय, दगडासारखं, आणि त्यामुळे दाताला धरून ठेवणारं हाड आत विरघळत चाललंय. वरवरचं पॉलिश करून चालणार नाही, हिरडीच्या खाली जाऊन मुळं खरवडून साफ करावी लागतील, खोल सफाई. बधिर करून. आधी उजवी बाजू, आठवड्याने डावी. आणि मिश्री आजपासून बंद.

हितेशला हे फारच साधं वाटलं. आईचं तोंड म्हणजे काय समजता, तो मनातल्या मनात म्हणत असणार. त्याचा मित्र भगवंत त्याला सांगून बसला होता की उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये लेझर मशीनवाला डॉक्टर आहे, लाइट मारतो, रक्त नाही काही नाही, काम खल्लास. मग हितेशने विचारायला सुरुवात केली. लेझर का नाही? गोळ्यांचा कोर्स का नाही? खिशात भरतात ती जेल असते म्हणे, ती का नाही? डॉक्टर चिडली असती तरी चाललं असतं, पण ती चिडली नाही. तिने एकेक घेऊन सांगितलं. जेल खूप खोल खिशात थोडी मदत करते, सफाईनंतर भरली तर, पण मिळणारा फायदा जेमतेम केसभर. अँटिबायोटिक गोळ्या काही पेशंटना सफाईच्या जोडीला देतात, ज्यांचं फार झपाट्याने वाढतंय त्यांना, सगळ्यांना उगाच द्यायच्या नसतात, पोट बिघडतं आणि खरी गरज लागेल तेव्हा गोळीच लागू पडत नाही. लेझरचं म्हणाल तर चांगल्या सफाईच्या वर त्याने आणखी काही भरवशाचं मिळतं असं अजून तरी दिसलेलं नाही.

"हे सगळं वरचं आहे," ती म्हणाली. "काम सफाईचं आहे. आणि सफाईच्या जोडीला सगळ्यात मोठं औषध काकूंच्या हातात आहे, मिश्री सोडायची आणि दातांच्या फटी रोज साफ करायच्या."

मग हितेशला एकदम कळलं. टाकीसारखं, तो म्हणाला. तळाचा गाळ उपसला नाही आणि वरून औषध ओतलं तर पाणी दोन दिवस बरं वाटतं आणि परत वास मारतं. सोसायटीवाले हेच करायला सांगतात त्याला, गाळ राहू द्या, पावडर टाका. डॉक्टर हसली, म्हणाली अगदी तसंच. द्रौपदीबायला मात्र आपल्या तोंडाला टाकी म्हटलेलं आवडलं नाही. तिने एकच विचारलं, "वैशाखापरेंत पुढचा दात ऱ्हाईल का?" डॉक्टर म्हणाली, वचन देत नाही. वेळेवर सगळं केलं तर आशा आहे.

उजवी बाजू झाली. तोंड अर्धं बधिर, सळयांची खरखर थेट कवटीत ऐकू यायची, पण दुखलं नाही. तिने मिश्रीची डबीही हितेशच्या हातात दिली, सगळ्यांसमोर. पहिले काही दिवस तिला कापरं भरल्यासारखं व्हायचं, हात उगाच कमरेला डबी शोधायला जायचा, पण चिमीचं लग्न डोळ्यासमोर आणून ती राहिली.

आणि इथेच सगळं उलटं व्हायला लागलं. म्हणजे तिला उलटं वाटायला लागलं. उजव्या बाजूची सूज उतरली तशी हिरडी आवळली आणि दात लांब दिसायला लागले. दातांच्या मध्ये फटी उघड्या पडल्या, जिथे आधी कीटण भरलेलं होतं. गार पाणी लागलं की झिणझिण्या. आळीतल्या बायका ओट्यावर जमल्या, तिचा ओठ वर करून बघितला आणि एकीने निकाल दिला, सफाई केली की दात सुटतातच, माझ्या नणंदेचं असंच झालं. आणि डावीकडे, जिथे अजून कुणी हातही लावला नव्हता, तिथे ब्रश फिरवला की रक्त. लाल थुंकी. साठीची झाली तरी जी हिरडी कधी रडली नव्हती ती मिश्री सोडल्यावर रडायला लागली.

तिने याचा जो अर्थ लावला तो तिच्या जागी कुणीही लावला असता. सफाईने दात मोकळे केले आणि मिश्री सुटल्याने रक्त आलं. मिश्रीच हिरडी धरून होती.

डावीकडच्या सफाईच्या दिवशी तिला ताप आला. पुढच्या तारखेला वांगणीला नातेवाईक आजारी पडले. तिसऱ्या तारखेला तिने सरळ सांगितलं, आता नको, चिमीचं लगीन झाल्याव करू. आणि एका सकाळी सुषमा पाणी भरायला गेलेली असताना तिने शेजारणीकडून चिमूटभर मिश्री मागून घेतली आणि फक्त डावीकडे लावली. फक्त डावीकडे. उजवीकडे डॉक्टरचं, डावीकडे आईचं, असं तिने स्वतःशी ठरवलं, बघू कोण जिंकतंय. थोड्याच दिवसांत डावीकडचं रक्त थांबलं. हिरडी फिकी, घट्ट, गप्प. द्रौपदीबाय आरशात बघून मान हलवायची. तिला वाटायचं आपण बरोबर होतो. हे तिने कुणाला सांगितलं नाही, सुषमालाही नाही, आणि सुषमाला वास येत होता पण सासूला विचारायचं कसं म्हणून तीही गप्प राहिली.

हितेशला वाटलं आई सुईला घाबरली. मग त्याने भगवंतने दिलेला लेझरवाल्याचा पत्ता बाहेर काढला. कॅम्प तीनच्या त्या गल्लीत टँकर घुसत नाही, म्हणून शेअर रिक्षा. खाली जीन्सचे कारखाने, शिलाई मशीनचा घर्रर आवाज, दरवाजात निळ्या पॅन्टींचे ढीग, आणि वरच्या मजल्यावर एसीवाला दवाखाना. डॉक्टर म्हातारा सिंधी, चष्मा नाकावर. हितेशने सांगितलं, सफाई नको, डायरेक्ट लेझर मारा डाव्या बाजूला. म्हाताऱ्याने आत बघितलं, बराच वेळ बघितलं.

"मशीन है मेरे पास," तो म्हणाला. "चाहो तो मार दूँगा। पर बेटा, नीचे जो जमा है वो हाथ से ही निकलेगा। माताजी की राइट साइड जिसने साफ की है, उसी के पास लेफ्ट करवाओ। उसके बाद मशीन की ज़रूरत लगे तो आना।" आणि मग द्रौपदीबायकडे वळून, मराठीत, हळू आवाजात, मिश्री लावता का. तिने मान हलवली. नाही. म्हाताऱ्याने तिच्या तर्जनीकडे बघितलं, तिचं टोक काळं होतं.

जिना उतरताना हितेश म्हणाला, कमाल आहे, मशीन घेऊन बसलाय आणि मारत नाही. द्रौपदीबायचं लक्ष नव्हतं. ती तर्जनी पदराला पुसत होती.

तरी ती गेली नाही. पौष गेला, माघ गेला. फाल्गुनात एकदा सकाळी ती सुषमाला ओळ ऐकवत होती आणि तिसाईचं नाव घेताना दात पुढे आला. म्हणजे जिभेबरोबर पुढे आला आणि परत मागे गेला. सुषमाने भाकरी तव्यावर तशीच ठेवली. स निसटला की नाही हे ती बोललीच नाही. "आत्याबाई, उद्या जायचं," एवढंच म्हणाली. भाकरी जळली.

डॉक्टर संजीवनीने या वेळी तिच्या हातात आरसा दिला. म्हणाली, तुम्हीच बघा. तिने सळई उजवीकडच्या एका दाताला लावली. सळई थोडीशी आत गेली आणि अडली. रक्त नाही. दुसऱ्याला लावली, तिथेही तेच. हिरडी मागे सरकली होती खरी, पण दाताला चिकटली होती. मग डावीकडे. हिरडी वरून इतकी छान दिसत होती की द्रौपदीबायला थोडा अभिमानच वाटला. सळई दाताच्या कडेला टेकली आणि आत गेली. आणि आत. आणि आत. आरशात ती बघत राहिली, खुणेमागून खुणा हिरडीखाली बुडत गेल्या, आणि तेवढं होऊनही रक्ताचा जेमतेम एक ठिपका. पुढच्या दाताशी तर सळई अडलीच नाही असं वाटलं.

"रगत तं येत नाय," द्रौपदीबाय म्हणाली. तिच्या आवाजात भांडण होतं, पण संपत आलेलं.

"मिश्रीने रक्तवाहिन्या आखडतात, काकू. रक्त यायचं बंद होतं. आजार थांबत नाही, फक्त हिरडी सांगायची बंद होते. मिश्री सोडल्यावर जे रक्त आलं ना, ती हिरडी परत बोलायला लागली होती. तेव्हा या बाजूची सफाई झाली असती तर थांबलं असतं."

द्रौपदीबायने आरसा मांडीवर उलटा ठेवला. तिला आळीतल्या सगळ्या बायकांची तोंडं दिसायला लागली असणार. कुणालाच रक्त येत नाही. सगळ्यांच्या डब्या तिच्याच तव्यावरून. बाळीची पण. चिमीच्या दाढेला कळ आली होती लहानपणी तेव्हा हिनेच चिमटीत धरून लावली होती, गप होईल म्हणून. ती गप झालीही होती.

त्याच आठवड्यात डावी बाजू साफ झाली. पुढच्या दाताचं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, हाड जवळजवळ उरलेलं नाही. तरी तिने प्रयत्न केला, बारीक तार लावून तो दात शेजारच्या दातांना बांधला. या वेळी द्रौपदीबायने खरंच मिश्री सोडली, आणि तवा घासायला घेतला, राखेने, मग वाळूने. काळं निघालं नाही. मग तिने तो तवा बांधाकडेला ठेवून दिला आणि आळीतल्या बायका डबी घेऊन आल्या तर त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं. एकदोघी रागावल्या. एकीने टोमणा मारला, टॉवरवाल्यांची कंप्लेंट चालली म्हण की शेवटी. तिने नुसता ओठ वर करून त्यांना तार दाखवली.

चैत्रात भात खाताना दात सुटून हातात आला, तारेसकट. दुखलंही नाही. ती बराच वेळ तो तळहातावर घेऊन बसली. डॉक्टरने लगेच तात्पुरता दात करून दिला, गुलाबी प्लास्टिकवर बसवलेला. दिसायला एकदम झकास, पण टाळूला ते प्लास्टिक लागलं की तिसाई काय नि एकवीरा काय, सगळे देव नाकातून बोलल्यासारखे यायचे. काढला तर शिट्टी, घातला तर गुळणी. तिने दोन्ही करून बघितलं, सारखं सारखं, बाथरूमचं दार लावून. मग दात वाटीतल्या पाण्यात ठेवला आणि चिमीला बोलावून घेतलं.

"चिमे, मना तुझ्या मांडवात बसता येनार नाय," ती म्हणाली.

चिमी कामावरून सरळ आली होती, गळ्यात कंपनीचं कार्ड. तिने ऐकून घेतलं, अंजनीमावशीचा नियम ऐकला, दाताचं ऐकलं. मग म्हणाली, "आई नाय. आता तू पण नाय. मग देवाला कोण बोलवणार मावशे, डीजेवाला? हॅलो चेक करून?" हसायला गेली आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. द्रौपदीबायने तिचं डोकं मांडीवर घेतलं. नियम मोडते असं ती म्हणाली नाही. चिमीनेही तो मोड म्हटलं नाही, कारण तिलाही माहीत होतं की अर्ध्या नावाने कुणी येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुषमा भाकऱ्या थापत होती. द्रौपदीबाय दाराला टेकून बसली होती, आणि सवय अशी वाईट की ओळ आपोआप तोंडात आली. तिने हळू आवाजात सुरू केली, तिसाईच्या नावापाशी आली आणि थांबली. शिट्टी ऐकायची नव्हती तिला. शेगडीचा आवाज तेवढा राहिला.

आणि भाकरी थापता थापता, पाठमोरीच, सुषमा म्हणाली, "तिसाई."

बोलली नाही. गायली. त्याच सुरात, जिथे ती ओळ तुटली होती तिथूनच, तिच्या साताऱ्याकडच्या जरा सपाट आवाजात, पण अख्खं नाव, स सकट. आणि मग स्वतःच घाबरून तिने हात थांबवला.

द्रौपदीबायने पहिल्या देवापासून परत सुरुवात केली. गावदेवीपाशी थांबली. सुषमाने गावदेवी घेतली. एकवीरा घेतली, तिसाई घेतली. उंबर घेतला. दिवाळीपासून रोज सकाळी ती फक्त कान देत होती असं दोघींनाही वाटत होतं. शेवटी बाळीचं नाव आलं, गेलेल्या माणसांत, आणि तेही सुषमाने घेतलं, बाळीमावशी नाही, नुसतं बाळी, जसं धवल्यात घ्यायचं असतं तसं.

"हे कवा शिकलंस?" द्रौपदीबायने विचारलं.

"तुम्हीच विचारत होतात ना, नीट येतंय का म्हणून," सुषमा म्हणाली. "मला चुकीचं कळायचं तर बरोबर काय ते माहीत नको?"

वैशाखात मांडव पडला, टॉवरच्या आणि घराच्या मधल्या मोकळ्या जागेत. सकाळची वेळ, वरच्या बाल्कन्यांतून लोक वाकून बघत होते. फोटोसाठी द्रौपदीबायने गुलाबी दात घातला, चिमीबरोबर हसून काढला फोटो, आणि मग तो काढून रुमालात बांधून हितेशच्या खिशात टाकला. तिची एक बाजू रिकामी दिसत होती, तिने पदर धरला नाही. बाळीच्या जागेवर सुषमा बसली, नऊवारी तिला सवयीची नव्हती, सारखी सावरत होती. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघत होत्या, देशावरची सून, हिला काय येणार. कात्रपला मान खाली घातलेली ती म्हातारीही आली होती, पुढेच बसली होती.

हितेशने डीजेच्या पोरांना वायर काढून ठेवायला लावली होती. स्वतः जाऊन.

द्रौपदीबायने ओळ टाकली. आवाजात हवा येत होती, शब्दांच्या कडा घासल्या जात होत्या, आणि ती ते लपवत नव्हती. नावापाशी आली की थांबायची. सुषमा नाव घ्यायची. गावदेवी आली. एकवीरा आली. मग तिसाईची ओळ आली आणि द्रौपदीबाय थांबली, आणि सुषमाकडून काहीच आलं नाही. मांडवात एवढी शांतता झाली की सुपातले तांदूळ सरकल्याचंसुद्धा ऐकू आलं असतं. चिमीने मान वर केली. द्रौपदीबायने सुषमाकडे बघितलं नाही, समोर दिव्याकडेच बघत राहिली, वाट बघत.

सुषमाने श्वास घेतला. बारीक, ऐकू येईल असा. आणि मग तिसाईला अख्खी हाक मारली.

चिमी रडायला लागली ती तिथून, कारण तो श्वास तिच्या ओळखीचा होता. सुषमाला नंतर विचारलं तर ती म्हणाली, मी कुठे मुद्दाम घेतला, मला भीती वाटली म्हणून घेतला. पुढे बसलेल्या म्हातारीने तांदूळ उचलले आणि मांडवावर टाकले. द्रौपदीबायने पुढची ओळ घेतली.

लग्न उरकल्यावर ती कात्रपला गेली, एकटी, शेअर रिक्षाने. संजीवनी डॉक्टरने दर काही महिन्यांनी यायला सांगितलं होतं, डावीकडचे बाकीचे दात अजून वाचवायचे होते. खुर्चीत बसून तिने तोंड उघडलं. सळई डावीकडे सरकली आणि थोड्याशा रक्ताने हिरडी लाल झाली. भारतीने कापूस पुढे केला. द्रौपदीबायने तो लाल कापूस हातात घेऊन बघितला, आणि डॉक्टर काही म्हणायच्या आत म्हणाली, बोलतंय आता.